पाटी नसलेलं दार: मोठ्या शहरातल्या लपलेल्या बारपर्यंत कसं पोहोचायचं

मोठ्या शहरात नव्याने राहायला आलं की पहिले काही महिने आपण त्याच चार-पाच ठिकाणी जात राहतो. मुख्य रस्त्यावरची, लखलखीत पाट्यांची, जिथे शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलायलाही ओरडावं लागतं अशी ठिकाणं. अर्धी रात्र रांगेत आणि उरलेली गर्दीत काढून घरी आलं की वाटतं, या शहराची रात्र एवढीच. खरं तर त्याच रस्त्याच्या मागच्या गल्लीत, एखाद्या बंद दुकानाच्या वर किंवा तळघरात, वीस-पंचवीस खुर्च्यांची एक खोली असते. तिथे कोणीतरी मन लावून पेयं बनवत असतं, कोणीतरी जुन्या रेकॉर्ड लावत असतं आणि समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येत असतं.

अशा खोल्यांचा रस्ता याद्यांपेक्षा माणसांकडून कळतो, हे माझं ठाम मत आहे. त्यामुळे इथे पत्ते नाहीत. शोधायचं कसं, दाराशी काय बोलायचं, आत कसं वागायचं आणि धडधाकट घरी कसं यायचं, हे क्रमाने सांगायचा प्रयत्न आहे. पद्धत हाताशी आली की ती कुठल्याही शहरात चालते.

ही ठिकाणं लपतात कशासाठी

हे आधी समजून घेतलं तर पुढचे बरेच नियम आपोआप कळतात. अमेरिकेत १७ जानेवारी १९२० रोजी दारूबंदी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली. मधल्या काळात शहरांमध्ये चोरून चालणारे बार उभे राहिले. दाराला झरोका, ओळखीचा माणूस किंवा परवलीचा शब्द, आत दबक्या आवाजातल्या गप्पा. न्यूयॉर्कच्या '२१ क्लब'ची व्यवस्था यात सगळ्यांत डोकेबाज. तिथे बारची फळी कळ दाबली की उलटायची आणि बाटल्या थेट खाली जाऊन फुटायच्या. खालचा वाईनचा साठा विटांच्या भिंतीसारख्या दिसणाऱ्या, दोन टनांहून जड दारामागे होता. विशिष्ट फटीत लांब तार घातली तरच ते दार उघडायचं.

आजच्या लपलेल्या बारचं घराणं मात्र तिथून सरळ आलेलं नाही. साशा पेट्रास्की यांनी १९९९ च्या शेवटच्या रात्री न्यूयॉर्कमध्ये 'मिल्क अँड हनी' नावाचा छोटा बार उघडला. पाटी लावली नाही, जाहिरात केली नाही, आधी फोन केल्याशिवाय प्रवेश नव्हता. कारण साधं होतं. वरच्या मजल्यांवर लोक राहत होते आणि त्यांना त्रास होऊ देणार नाही असा शब्द पेट्रास्की यांनी जागेच्या मालकाला दिला होता. गर्दी नको म्हणून बार लपवला आणि त्याचाच पुढे जगभर कित्ता गिरवला गेला. २००७ मध्ये त्याच शहरात 'प्लीज डोन्ट टेल' सुरू झाला. हॉट डॉगच्या दुकानातल्या टेलिफोन बूथमध्ये शिरायचं, फोन उचलायचा, मग मागची भिंत उघडते. तिथून पुढे कपाटामागचे, फ्रीजच्या दारामागचे, फुलांच्या दुकानाखालचे बार सगळीकडे दिसू लागले.

म्हणजे आज 'लपलेला बार' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक, जागा लहान आहे, शेजारी झोपलेले आहेत, म्हणून गुपचूप चालणारा. दुसरा, गुप्त दाराचं नाटक हेच ज्याचं आकर्षण आहे. दुसरा वाईटच असतो असं नाही; त्यातले काही फार उत्तम आहेत. पण पैसे मोजण्याआधी आपण कुठे चाललो आहोत ते माहीत असावं. ओळखायची एक सोपी खूण: त्या जागेबद्दल लोक जे लिहितात ते वाचा. दहापैकी आठ जण फक्त दाराबद्दल बोलत असतील आणि ग्लासात काय होतं याची कुणालाच आठवण नसेल, तर एकदा जाऊन फोटो काढण्यापुरतं ते ठिकाण आहे. बारटेंडरचा, संगीताचा, एखाद्या ठरावीक पेयाचा उल्लेख वारंवार येत असेल, तर तिथे बसण्यासारखं काहीतरी आहे.

आधी रात्र कशी हवी ते ठरवा

बोलायची, ऐकायची की नाचायची? एकाच रात्री तिन्ही करायला गेलं की एकही धड होत नाही.

बोलायचं असेल तर लहान कॉकटेल बार, वाईन बार किंवा जुन्या हॉटेलांमधले आतल्या बाजूचे बार बघा. हॉटेलचे बार नवख्यांच्या लक्षातच येत नाहीत. बाहेरून पाटी दिसत नाही, आत जायला संकोच वाटतो, पण अनेक ठिकाणी बाहेरच्यांनाही प्रवेश असतो, सेवा व्यवस्थित असते आणि एकट्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही. सुरुवात करायला यापेक्षा सुरक्षित जागा मला माहीत नाही.

ऐकायचं असेल तर लाइव्ह जॅझची तळघरं आणि रेकॉर्ड बार. रेकॉर्ड बारची कल्पना जपानमधून आली. मोठे उत्तम स्पीकर, भिंतभर रेकॉर्ड आणि रेकॉर्डची एक बाजू पूर्ण ऐकायची पद्धत. इथे मोठ्याने गप्पा मारणं हे सभागृहात मोबाइल वाजण्याइतकंच खटकतं. गप्पांचा मूड असेल त्या दिवशी इथे जाऊच नका.

नाचायचं असेल तर क्लब, आणि त्याचं वेळापत्रक निराळं. तिथे रात्री साडेदहाला पोहोचलात तर रिकाम्या हॉलमध्ये उभे राहाल. त्या रात्री डीजे कोण आहे हे जागेच्या नावापेक्षा महत्त्वाचं असतं. एकच हॉल शुक्रवारी एका प्रकारच्या लोकांचा असतो आणि शनिवारी अगदी वेगळ्या.

शोध

इंटरनेटवरच्या 'दहा गुप्त ठिकाणं' छापाच्या याद्या फक्त पहिला धागा म्हणून वापरा. त्यातलं एक ठिकाण निवडा. तेच, जिथे काउंटरला बसायची सोय आहे. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी, बार उघडल्यानंतरच्या पहिल्या तासात जा. यातली प्रत्येक गोष्ट तंतोतंत पाळा, कारण सगळी गंमत वेळेत आहे. शनिवारी रात्री अकरा वाजता जगातला सर्वांत बोलका बारटेंडरही तुमच्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलू शकत नाही. बुधवारी संध्याकाळी सातला तोच माणूस लिंबं कापत, बर्फ भरत उभा असतो आणि त्याला बोलायला वेळ असतो.

एक पेय घ्या, सावकाश प्या, मग विचारा: "तुमची ड्यूटी संपल्यावर तुम्ही स्वतः कुठे जाता?" हा प्रश्न 'इथे आसपास चांगलं काय आहे' पेक्षा शंभर पटींनी उपयोगी आहे. त्या प्रश्नावर पर्यटकांसाठीची ठरलेली उत्तरं मिळतात. या प्रश्नावर माणूस क्षणभर थांबतो आणि खरं नाव सांगतो. बारमध्ये काम करणारे लोक दिवसभर दारू विकत असतात, त्यामुळे स्वतः जिथे बसतात ती जागा त्यांनी पारखून घेतलेली असते. शक्य असेल तर तिथल्या कोणाचं तरी नावही विचारून घ्या. पुढच्या जागी जाऊन "अमक्या बारमधल्या अमक्यांनी पाठवलं" असं साधेपणाने सांगितलं की तुम्ही अनोळखी उरत नाही. मात्र हे एकदाच आणि शांतपणे सांगा. ओळखीची फुशारकी या क्षेत्रात फार वाईट दिसते.

बारशिवायही धागे असतात. रेकॉर्डची दुकानं, वाद्यांची दुकानं, उशिरापर्यंत उघडी राहणारी पुस्तकांची दुकानं, लहान नाट्यगृहांच्या बाहेरचे फलक. संगीताच्या छोट्या कार्यक्रमांची पत्रकं अजूनही अशाच ठिकाणी लागतात. नकाशाच्या ॲपवर अभिप्राय वाचताना ते 'नवे आधी' अशा क्रमाने लावा. बार फार लवकर बदलतात. मालक बदलतो, मुख्य बारटेंडर सोडून जातो आणि दोन वर्षांपूर्वीचं कौतुक निरर्थक होतं.

आणखी एक सवय लावून घ्या: दिवसा चाला. ज्या भागात रात्री जायचं आहे तिथे एखाद्या दुपारी फिरून या. गल्ली किती अरुंद आहे, दिवे आहेत का, मोठा रस्ता किती दूर, स्टेशन कुठल्या बाजूला हे उजेडात एकदा डोळ्यांखालून गेलं की रात्री पाय आपोआप बरोबर पडतात.

निघण्याआधी

दारू पिण्याचं कायदेशीर वय देशागणिक आणि काही देशांत राज्यागणिक बदलतं. अमेरिकेत २१, जपानमध्ये २०, युरोपात बहुतेक ठिकाणी १८. भारतात राज्यानुसार १८ ते २५ पर्यंत. तुम्ही चाळिशीचे दिसत असाल तरी ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवा. फोनमधला फोटो अनेक ठिकाणी चालत नाही आणि त्यावरून दाराशी वाद घालून काहीच हाती लागत नाही. त्या शहरात बार कधी बंद होतात, शेवटची ऑर्डर किती वाजता घेतात, दारूविक्री बंद असलेले दिवस कुठले, हेही आधी पाहून ठेवा.

जागा आरक्षित करता येत असेल तर करा आणि वेळेवर पोहोचा. वीस खुर्च्यांच्या बारमध्ये चार जण आले नाहीत म्हणजे पाचवा हिस्सा रिकामा. येणं जमणार नसेल तर कळवा. हे बार ग्राहक लक्षात ठेवतात, चांगलेही आणि बेभरवशाचेही.

किती जणांनी जायचं? दोघांनी. फार तर चौघांनी. सहा-आठ जणांच्या घोळक्याला लहान बार नकार देतात आणि त्यांचं बरोबर आहे. तेवढे लोक एकत्र आले की खोलीचा आवाजच बदलतो. कोणाला सोबत न्यायचं यासाठी 'मिल्क अँड हनी'च्या नियमांमध्ये एक कसोटी होती: ज्याला तुम्ही स्वतःच्या घरात एकटं सोडून जाल, त्यालाच इथे आणा. मला ही कसोटी आजही सर्वांत चांगली वाटते.

पोटभर जेवून निघा. अन्न पोटात असलं की दारू रक्तात हळूहळू उतरते; रिकाम्या पोटी पहिल्याच ग्लासाला ती झपाट्याने चढते. फोन पूर्ण चार्ज, थोडी रोकड, बंद पायाचे बूट. घरी यायचं साधन निघण्याआधीच ठरवा: शेवटची गाडी किती वाजता, ती चुकली तर टॅक्सी कुठून, साधारण किती पैसे लागतील. रात्री दीड वाजता, थकलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय बहुधा महागात पडतो. गाडी चालवत जाण्याचा विचार मनातही आणू नका. गाडी तिथे असली की 'एवढ्याने काय होतंय' हे वाक्य कोणीतरी बोलतंच.

दाराशी

दार सापडलं, बेल वाजवली, झरोका उघडला. आता जितकं कमी बोलाल तितकं बरं. नमस्कार, किती जण आहोत, आरक्षण आहे की नाही. बस. आत जागा नसेल तर "किती वेळाने शक्यता आहे?" विचारा, फोन नंबर देऊन ठेवा आणि तिथून दूर जा. दारासमोर घोळका करून उभं राहणं शेजाऱ्यांना सर्वांत जास्त खुपतं आणि त्यावरूनच अशा जागांचे परवाने अडचणीत येतात.

नकार मिळाला तर वाद नको. दारावरच्या माणसाला आतली संख्या सांभाळायची असते. ती मर्यादा सुरक्षेसाठी असते. हसून "मग कुठल्या दिवशी यावं?" असं विचारणाऱ्याला पुढच्या वेळी दार लवकर उघडतं.

काउंटरवर

आत गेल्यावर टेबल मिळत असलं तरी काउंटर मागा. लहान बारचा जीव काउंटरवर असतो. तिथे काम दिसतं आणि काम पाहणं हा त्या रात्रीचा मोठा भाग आहे. बारटेंडर मोठ्या बर्फाच्या ठोकळ्यावर ढवळत असेल तेव्हा त्याच्या हाताकडे बघा. चमचा ग्लासाच्या कडेने फिरतो, बर्फ चमच्याबरोबर सरकतो आणि खडखडाट होत नाही. ढवळून बनणारी पेयं अशी आवाज न करता बनतात, कारण त्यात फक्त थंडावा आणि मोजकं पाणी उतरायला हवं असतं. लिंबाचा रस, अंड्याचा पांढरा भाग किंवा साय असेल तर मात्र शेकर जोरात हलवावा लागतो, कारण तिथे हवा मिसळायची असते. ढवळताना मध्येच तो स्ट्रॉच्या टोकाने एक थेंब चाखतो. त्या थेंबावर तो थांबायचं की अजून चार वेढे द्यायचे हे ठरवतो. हे दिसू लागलं की पेयाची किंमत कशाची आहे तेही समजतं.

काय मागायचं कळत नसेल तर ते लपवू नका. नावं पाठ करून जाण्याची गरज नाही. चार गोष्टी सांगा: आंबट आवडतं की कडवट, गोड किती चालतं, हलकं हवं की कडक, आणि कुठली दारू मुळीच नको. "आंबटसर, फार गोड नको, जिन चालेल, हलकं" एवढ्यावर चांगला बारटेंडर तुमच्यासाठी नेमकं पेय बनवू शकतो. काही बारमध्ये तर मेन्यूच नसतो. 'मिल्क अँड हनी'च्याच जुन्या जागेत पुढे सुरू झालेला 'अटाबॉय' असाच चालतो. मेन्यू नसेल तिथे किंमत आधी विचारा. "साधारण किती रुपयांपर्यंत जाईल?" या प्रश्नात कमीपणा काही नाही, आणि ज्या जागेला तो प्रश्न आवडत नाही तिथून उठणं चांगलं.

स्वतःची चव शोधायची असेल तर तीन पेयांपासून सुरुवात करा, तीही वेगवेगळ्या रात्री. आंबट कुळासाठी डायकिरी: रम, लिंबू, साखर. कडवट कुळासाठी निग्रोनी: जिन, कंपारी (लाल, कडवट इटालियन मद्य) आणि गोड व्हर्मूथ (वनस्पतींचा स्वाद दिलेली वाईन) समान भागात. कडक कुळासाठी ओल्ड फॅशन्ड: व्हिस्की, थोडी साखर, बिटर्स (कडवट अर्काचे काही थेंब). या तिन्हींमध्ये मोजकेच घटक असतात, लपायला जागा नसते. ज्या बारला साधी डायकिरी जमते त्याच्या मेन्यूतल्या विचित्र नावांवरही विश्वास टाकायला हरकत नाही.

बोटांनी टिचक्या वाजवून, नोट हलवून किंवा हाक मारून लक्ष वेधू नका. नजर भेटली की पुरे. गर्दीत ऑर्डर तयार ठेवा आणि सगळ्यांची एकदम सांगा. फोटो काढायचा असेल तर आपल्या ग्लासाचा काढा, फ्लॅशशिवाय. शेजाऱ्यांचे चेहरे चौकटीत नकोत. बर्लिनच्या अनेक क्लबांत आत शिरतानाच फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. लोक तिथे मोकळे होण्यासाठी येतात आणि तो मोकळेपणा जपायची जबाबदारी प्रत्येक पाहुण्याची असते.

काही शहरांत बसण्याचे वेगळे पैसे घेतात. टोकियोतल्या गोल्डन गाई भागात अरुंद गल्ल्यांमध्ये दोनशेच्या आसपास इवलेसे बार आहेत, कित्येकांत जेमतेम सात-आठ खुर्च्या, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बसण्याचं शुल्क लागतं. ही लुबाडणूक नव्हे. इतक्या कमी खुर्च्यांवर भाडं निघायचं तर दुसरा मार्ग नसतो. टिपचंही तसंच आहे. अमेरिकेत टिप न देणं हा अपमान समजतात, जपानमध्ये टिप देणं लोकांना संकोचात टाकतं. जाण्याआधी तिथली रीत विचारून घ्या.

किती आणि किती वेगाने

निरोगी प्रौढ शरीर ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल निकामी करतं. आता हिशेब बघा. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम असतं. ४० टक्क्यांच्या ६० मिली व्हिस्कीचा ओल्ड फॅशन्ड घेतला तर सुमारे १९ ग्रॅम. म्हणजे तो एक लहानसा ग्लास शरीराबाहेर जायला दोन तास किंवा त्याहून जास्त लागतात. चांगलं बनवलेलं कॉकटेल कडक लागत नाही, त्यामुळे अंदाज हमखास चुकतो. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी यांपैकी कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. कॉफीने झोप उडते, नशा तशीच राहते.

म्हणून दर ग्लासामागे एक मोठा ग्लास पाणी आणि एका रात्री दोन पेयं, असा बेत नवख्यांनी ठेवावा असं मला मनापासून वाटतं. एका संध्याकाळी पाच बार पालथे घालण्याची पद्धत लोकप्रिय असली तरी तिसऱ्या बारनंतर चव कळत नाही आणि पाचवा आठवत नाही. एक बार नीट, फार तर दोन.

मद्य न घेणाऱ्यांनीही ही ठिकाणं टाळायचं कारण नाही. चांगल्या बारमध्ये आता अल्कोहोलविरहित पेयांचं स्वतंत्र पान असतं आणि ती तितक्याच मेहनतीने बनवलेली असतात. "माझ्या पेयात अल्कोहोल नको" एवढंच सांगायचं, कारण द्यायची गरज नाही. सोबतच्यांनी आग्रह करू नये, हे वेगळं सांगावं लागू नये, तरी सांगते: आग्रह करू नका.

हे टाळू नका

आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत बाहेर पडायचा दुसरा रस्ता शोधा. लपलेला बार म्हटला की तळघर, अरुंद जिना, जड पडदे आणि एकच दार. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बॉस्टनमधल्या 'कोकोनट ग्रोव्ह' नाइटक्लबला आग लागली. दारूबंदीच्या काळात ही जागा चोरून चालणारा बार होती. आग तळघरातल्या लाउंजमध्ये सुरू झाली. मुख्य फिरतं दार माणसांनी अडलं, बाकीची काही दारं कुलूपबंद होती. ४९२ माणसं गेली. दुसरा दरवाजा विचारल्यावर कोणी नीट उत्तर देत नसेल, किंवा त्यासमोर खोके रचलेले दिसले, तर पेय सुंदर असलं तरी तिथे थांबू नका.

ग्लास नजरेआड करू नका. बाथरूमला गेलात तर परतल्यावर नवा घ्या. अनोळखी माणसाने आणून दिलेलं पेय घेऊ नका. बारटेंडरने तुमच्यासमोर बनवून तुमच्या हातात दिलेलं घ्या. नेहमीपेक्षा भलतीच आणि झपाट्याने नशा जाणवली तर लगेच सोबतच्यांना आणि बारमधल्या कर्मचाऱ्यांना सांगा. एकटे असाल तर कुठे आहात आणि किती वाजता परताल हे घरच्या किंवा मैत्रीतल्या एका माणसाला कळवून ठेवा. कोणी त्रास देत असेल तर सरळ काउंटरवर जा. इंग्लंडमध्ये लिंकनशर इथे २०१६ मध्ये 'आस्क फॉर अँजेला' ही मोहीम सुरू झाली. काउंटरवर 'अँजेला आहे का' असं विचारलं की कर्मचारी समजतात की या व्यक्तीला सुरक्षित बाहेर पडायला मदत हवी आहे. सगळीकडे हा संकेत माहीत नसतो. तिथे साध्या शब्दांत "मला मदत हवी आहे, टॅक्सी येईपर्यंत इथे थांबू द्या" म्हणा. चांगल्या बारचे लोक यात कधीही कमी पडत नाहीत.

भेसळीची दारू हा विषय लोक हसण्यावारी नेतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग या पर्यटकांच्या गावात मिथेनॉल या विषारी अल्कोहोलच्या विषबाधेच्या संशयित प्रकारात सहा परदेशी पर्यटकांचा मृत्यू झाला. मिथेनॉल चवीवरून किंवा वासावरून ओळखता येत नाही. फुकट वाटले जाणारे शॉट, अविश्वसनीय स्वस्त कॉकटेल, लेबल नसलेल्या बाटल्या यांपासून लांब राहा. लक्षणं बहुधा १२ ते २४ तासांनी दिसतात: उलट्या, तीव्र डोकेदुखी, नजर धूसर होणं, डोळ्यांपुढे पांढुरकं दिसणं. नजरेत बदल झाला तर ते 'हँगओव्हर' समजून झोपू नका. तडक रुग्णालय गाठा. वेळेत पोहोचलं तर यावर उपचार आहेत.

पैशांच्या फसवणुकीचा एक ठरलेला साचा आहे. रस्त्यावर किंवा डेटिंग ॲपवर भेटलेली अनोळखी व्यक्ती एका विशिष्ट बारचाच आग्रह धरते, तिथे मेन्यूवर किमती नसतात, पेयांमागून पेयं येतात आणि शेवटी डोळे फिरवणारं बिल. मग दाराशी दोन दांडगे उभे. पहिल्या भेटीची जागा स्वतः निवडा. समोरच्याने ती दोनदा बदलायला लावली तर जाऊ नका.

क्लबला जाणार असाल तर कानात घालायचे इअरप्लग खिशात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, आणि स्पीकरजवळ आवाज त्याहून वर जातो. घरी आल्यावर कानात शिटी वाजत असेल तर कानांवर ताण पडलेला असतो.

निघताना, आणि पुन्हा जाताना

बिल ओळ न् ओळ वाचा. न घेतलेलं काही असेल तर शांतपणे दाखवा. टॅक्सी आत बसूनच बोलवा, ती दाराशी आली की उठा. निरोप, मिठ्या, पुढचे बेत सगळं आतच उरका. 'मिल्क अँड हनी'च्या भिंतीवर हाच नियम लिहिलेला होता: बाहेर लोक झोपलेत, झटपट आणि आवाज न करता निघा.

जागा आवडली असेल तर दोन-तीन आठवड्यांच्या आत पुन्हा जा, शक्यतो त्याच वारी आणि त्याच वेळी, म्हणजे काउंटरमागे तोच माणूस असेल. मागच्या वेळी काय घेतलं होतं, त्यातलं काय आवडलं आणि काय जरा जास्त वाटलं हे सांगा. त्यावरून तो पुढचं पेय बदलून देईल आणि इथून तुमचं बोलणं ग्राहक आणि विक्रेत्याच्या पलीकडे जाईल. तिसऱ्या-चौथ्या भेटीत शेजारच्या खुर्चीवरचे नेहमीचे लोक मान डोलावू लागतात. कुठल्या गल्लीत कोणी नवीन खोली उघडली आहे, कोणाकडे रविवारी चांगले वादक येतात, हे तिथेच कानावर पडतं. तुम्हाला कोणी अशी जागा विश्वासाने सांगितली, तर तिचा पत्ता समाजमाध्यमावर टाकण्याआधी मालकाला विचारा. तो नको म्हणाला तर ती जागा तुमच्या एखाद्या मित्राला सोबत नेऊन दाखवा.